समस्त मलकापूरकरांच्या वतीने

कराडहून कोल्हापूरच्या दिशेने निघालेला प्रवासी मलकापुरातून जातो, परंतु आपण मलकापुरातून गेलो ही गोष्ट त्याला बहुधा कोल्हापुरास पोहोचल्यावरही समजत नाही. कराडची शेवटची इमारत कोणती आणि मलकापूरची पहिली कोणती, याचा निवाडा करण्यास नगररचनेचा नकाशा मागवावा लागतो. महामार्गाने गावाचे सरळ दोन भाग केलेले. आणि पाहुण्यास पत्ता सांगताना आम्ही स्वतःच 'कराडजवळ' असे म्हणून मोकळे होतो, मात्र त्याने 'म्हणजे कराडातच ना?' असे विचारले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. 2008 साली आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पुढे नगरपरिषद झाली, घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून परगावचे अधिकारी येऊन आमचे नळ सोडून आणि बंद करून पाहून गेले. तथापि वर्तमानपत्रात मलकापूर हे नाव मथळ्यात, तेही कराडच्या टेकूवाचून, छापून येण्याचा योग आमच्या कुंडलीत अभावानेच होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे आगाशिवनगरच्या कोपऱ्यावरील उपाहारगृहात एका सायंकाळी जो प्रकार घडला, त्याबद्दल वाचक आम्हांस क्षमा करतील. आमच्या माजी उपसरपंचांनी बांधून घेतलेले वडे ज्या वर्तमानपत्री कागदात गुंडाळले गेले, त्यावर 'मलकापूरच्या आमदारांची' हे दोन शब्द स्पष्ट, आणि किंचित खाली 'समितीवर वर्णी' हे दोन शब्द पुरेसे स्पष्ट होते. मधल्या मजकुरावर, म्हणजे नेमकी कोणती समिती या तपशिलावर, वड्याच्या तेलाने आपला अंमल बसविला होता. आणि तारीख व आमदारांचे नाव असलेला उर्वरित भाग कोणाच्या तरी भज्यांबरोबर त्याच्या घरी रवाना झाला असावा. वडे निवले, परंतु उपसरपंच तापले. त्यांनी तो कागद टेबलावर पसरून वरून पाण्याचा तांब्या ठेवला आणि सत्काराची घोषणा केली.

मी भीत भीत म्हणालो, "आबा, आपला मतदारसंघ कराड दक्षिण. छापणाऱ्याने 'कराडचे आमदार' असे छापले असते."

"भाऊसाहेब," उपसरपंच म्हणाले, "मतं मागाया मलकापूर लागतंय, आन् नाव छापायला कराड? जन्मात एकदा छापनाऱ्याला सुबुद्धी झाली, तर तुम्ही आडवं पडू नका."

"निदान आमदारांना एकदा विचारून घ्यावे."

"सत्काराची बातमी सत्कारमूर्तीलाच आधी कळली, तर मग सत्कारात ऱ्हायलं काय?"

यावर प्रतिवाद नव्हता. महसूल खात्यात कारकुनीपासून अव्वल कारकुनीपर्यंत उभी हयात घालविल्यामुळे वरिष्ठांच्या तोंडून ठाम स्वरात उच्चारलेले कोणतेही विधान मला आपोआप खरे वाटू लागते. शिवाय ज्याने आयुष्यभर सरकारी कागद हाताळले त्यास विधिमंडळाचेही सारे काही ठाऊक असलेच पाहिजे, असा आमच्या गावचा एक समज आहे, आणि तो दूर करण्याचे धैर्य मला आजतागायत झालेले नाही. कारण तो दूर झाल्यास माझ्याविषयी दुसरा कोणता चांगला समज शिल्लक राहील याची मला खात्री नाही. तेव्हा तेलाखाली गडप झालेली समिती कोणती, हे अनुमानाने मुक्रर करण्याची कामगिरी मजकडे आली.

मी लोकलेखा समितीपासून आरंभ केला. ग्लॅडस्टनसाहेबाने 1861 साली विलायतेत ही समिती सुरू केली, 1921 साली ती हिंदुस्थानात आली, महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून सरकारने केलेल्या खर्चाचा जाब ती विचारते, आणि तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यावे असा संकेत आहे, इतके मी एका दमात सांगितले.

"खर्च झाल्यावर विचारनार?" उपाहारगृहाचे मालक गल्ल्यावरून म्हणाले. "मग पैसं परत येत्यात का?"

"पैसे येत नाहीत. अहवाल येतो."

मालकांनी काही न बोलता गल्ल्याची किल्ली फिरवून खिशात टाकली.

मग मी अंदाज समितीकडे वळलो. आपले दादासाहेब मावळंकर, घराणे कोकणातले, कर्मभूमी अहमदाबाद, 1937 ते 1946 मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे दिल्लीस गेल्यावर त्यांच्याच काळात 1950 साली संसदेची अंदाज समिती आणि 1953 साली आश्वासन समिती स्थापन झाली, हे सांगताना माझा ऊर भरून आला होता. परंतु अंदाज समितीचे काम शासनाच्या खर्चात काटकसर सुचविणे हे आहे, असे कळताच श्रोत्यांचे चेहरे उतरले. काटकसर सुचविणारा आमदार आपल्या गावास काय आणून देणार, असा प्रश्न एका कंत्राटदाराने केला, आणि तो इतका व्यवहारी होता की ती समिती तत्काळ बाद झाली.

आश्वासन समितीचे तसे झाले नाही. मंत्र्यांनी सभागृहात 'तपासून पाहू', 'कार्यवाही करू', 'लवकरच निर्णय घेऊ' अशी जी वचने दिलेली असतात, ती पुढे पाळली गेली किंवा कसे, याचा मागोवा घेणारी ही समिती आहे, असे मी म्हणालो मात्र, उपाहारगृहात शांतता पसरली. भजी तळणारा मुलगादेखील झारा कढईत तसाच ठेवून पाहू लागला.

"सगळ्या आश्वासनांचा?" कोणीतरी हलक्या आवाजात विचारले.

"सभागृहात दिलेल्या."

"आन् सभेत दिलेल्या?"

"त्यांना समिती नाही."

"तरीबी," उपसरपंच म्हणाले, "एवढं काम माणसाला झेपंल का?" आमच्या आमदारांच्या प्रकृतीची काळजी वाटून ही समितीही वगळण्यात आली.

विनंती अर्ज समितीचे नाव काढणे धोक्याचे ठरले. सामान्य नागरिकाचा अर्जही रीतसर मार्गाने विधिमंडळापुढे जाऊ शकतो, हे ऐकताच तिघांनी खिशांतून कागद काढले, आणि त्यांतील एकाने तर बांधाच्या वादाची कैफियत आपल्या पणजोबांपासून सांगावयास आरंभ केला. पणजोबा वारेपर्यंत आमचा चहा दोनदा झाला. विशेषाधिकार समिती तरुण मंडळींस आवडली, कारण हक्कभंग या प्रकरणात कोणास तरी बोलावून उभे करता येते अशी त्यांची कल्पना होती. 'मलकापूर म्हणजे कराडजवळ' असे म्हणणे हक्कभंगात बसते काय, अशी पृच्छा उपसरपंचांनी केली. बसत नाही, हे सांगताना मला स्वतःलाही वाईट वाटले.

खरा पेच पडला तो सदस्यांच्या अनुपस्थितीचा विचार करणाऱ्या समितीपाशी. संविधानाच्या 190व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाच्या अनुज्ञेवाचून साठ दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त म्हणून घोषित करू शकते. तेव्हा रजेच्या अर्जांचा विचार करणारी अशी समिती असणे हे क्रमप्राप्तच आहे. निवृत्त गुरुजी आतापर्यंत कोपऱ्यात गप्प होते. त्यांनी हजेरीपटावर उभे आयुष्य काढलेले असल्यामुळे त्यांना पहिलीच शंका मार्मिक आली.

"या समितीच्या बैठकीला पुरेसे सदस्य आले नाहीत तर?"

"गणपूर्तीअभावी बैठक तहकूब."

"मग त्या गैरहजरांचा विचार कोण करणार?"

मी पाण्याचा तांब्या उचलून पाणी प्यालो. त्या निमित्ताने वर्तमानपत्राचा कागद वाऱ्याने उडाला आणि तो धरण्याच्या गडबडीत प्रश्न मागे पडला. मोठमोठ्या सभागृहांतील कितीतरी अवघड प्रश्न याहून वेगळ्या रीतीने सुटत नसावेत.

शेवटी मी पंचायती राज समितीचे नाव घेतले, तेव्हा गुरुजींच्या हातातील बशी खडखडू लागली. "पीआरसी?" ते म्हणाले, आणि त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. ज्याने जिल्हा परिषदेची नोकरी केली आहे, त्याला हा शब्द का झोंबतो हे समजावून सांगावे लागत नाही. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांच्या जन्मासाठी वसंतराव नाईक समिती नेमली होती, जन्मानंतर प्रकृती कशी आहे हे पाहण्यास 1970 साली बोंगिरवार समिती, आणि 1984 साली सांगलीच्या प्राचार्य पी. बी. पाटील यांची समिती. आणि हे सर्व वैद्य येऊन जात असता आमदारांची पंचायती राज समिती घरच्या वडीलधाऱ्यांच्या अधिकाराने केव्हाही दारात उभी राहू शकते. ती येणार असे कळले की मंजूर रजा नामंजूर होतात. वर्षानुवर्षे प्रलंबित असलेल्या लेखाआक्षेपांच्या पूर्तता एका रात्रीत लिहिल्या जातात. ज्या नोंदवहीत चैत्रापासून काही लिहिलेले नसते तीत फाल्गुनापर्यंतचे लिहून होते. मुख्यालयी राहण्याचा हुकूम असूनही तालुक्याच्या गावी राहणारे ग्रामसेवक अंथरूण-पांघरुणासह गावात मुक्कामास येतात, आणि त्यांना पाहून गावची कुत्री भुंकतात.

"आमच्या शाळेवर येणार म्हणून," गुरुजी सांगू लागले, "पोरांना तेराचा पाढा पाठ करून घेतला. भिंतींना रंग दिला. वर्गात तक्ते लावले. दारात रांगोळी. समितीच्या गाड्या आल्या, आणि आमच्या फाट्यावरून सरळ पुढच्या गावाला गेल्या."

"मग त्या गावचं काय झालं?"

"तिथल्या गुरुजींनी काहीच केलं नव्हतं. पण समितीला भूक लागली होती, म्हणून निभावलं."

ज्या समितीच्या केवळ नावाने अठ्ठावन्न वर्षे वयाचा निवृत्त मनुष्य गुंडी लावतो, तीच खरी महत्त्वाची, यावर सर्वांचे एकमत झाले. तथापि पुराव्याअभावी नाव छापू नये, असा शेरा मी मारला, आणि मसुदा असा कायम झाला : 'विधिमंडळाच्या अत्यंत महत्त्वपूर्ण समितीवर नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' विधिमंडळाच्या यच्चयावत समित्यांपैकी कोणतीही निघाली तरी हा मजकूर खोटा पडणार नव्हता. याला सरकारी लेखन म्हणतात.

समितीचा सत्कार करावयाचा म्हणजे सत्कारासाठी समिती हवी, हे ओघानेच आले. प्रथम सात जणांची नावे निघाली, आणि सात जणांनी सर्व काम सहज होईल असे मत पडले. परंतु काम होणे हा हेतू असता तर सात काय, दोघेही पुरले असते. महामार्गाच्या पूर्वेकडून चार नावे आली तर पश्चिमेकडून निदान पाच हवीत, हा मुद्दा निघाला; मग प्रभागवार प्रतिनिधित्व आले; मग तरुण मंडळे, भजनी मंडळ, दूध संस्था, व्यापारी आणि माजी सैनिक आले. अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष अशी तीन पदे निर्माण करून तीन इच्छुकांची सोय झाली, आणि त्यांत कोण कोणाच्या वर, हे जाणूनबुजून ठरविले गेले नाही. खजिन्यात काहीच नसल्यामुळे खजिनदार तिघे नेमण्यास कोणाची हरकत नव्हती. ज्यांना काहीच मिळाले नाही ते मार्गदर्शक झाले. मार्गदर्शक होण्यास ज्यांचे वय कमी पडले ते निमंत्रित सदस्य झाले. आणि दूध संस्थेचे एक गृहस्थ केवळ रागाने घरी बसले होते, त्यांस तेथेच असू देऊन 'विशेष सल्लागार' करण्यात आले. मंडप, हार, ध्वनिक्षेपक, निमंत्रणपत्रिका आणि वाहनतळ अशा उपसमित्या झाल्या. माझे अक्षर वळणदार असल्यामुळे मी चिटणीस झालो. अक्षर चांगले असण्याचा याखेरीज दुसरा मोबदला मला आयुष्यात मिळाल्याचे स्मरत नाही.

या सभेस बचत गटाच्या अध्यक्षा आल्या होत्या. उपसरपंचांनी त्यांना आदराने अल्पोपाहार उपसमितीत घेण्याची सूचना मांडली.

"काम आमालाच करायचं हाय, त्ये ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्याला यादी कशाला पायजे? यादीतच घालायचं, तर मला अध्यक्ष म्हणून घाला, आन् तुम्ही पोहे करा."

सभा तहकूब झाली. पुढच्या सभेचे निमंत्रण त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले नाही, याची चौकशी अद्याप व्हावयाची आहे.

यादी चाळिशीच्या पुढे सरकली तेव्हा एवढी माणसे कशाला, असे मी पुटपुटलो. गुरुजी म्हणाले, "वर तरी दुसरं काय असतं?" त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. विधानसभेचे सदस्य 288. संविधानाच्या 2003 सालच्या 91व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळास पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे मुख्यमंत्र्यांसह फार तर 43. उरले 245. त्यांतील विरोधकांनी मंत्रिपदाची आशा काही काळापुरती सोडलेली असते. परंतु सत्तापक्षाच्या बाकांवर जे उरतात, त्यांतील प्रत्येकाच्या पेटीत शपथविधीसाठी शिवलेले एक जाकीट पडून असते. मंत्र्यांचा हिशेब तपासणाऱ्या समित्यांवर मंत्र्यास बसता येत नाही, हा नियम करणाऱ्याने हिशेबाच्या शुद्धतेचा विचार केला असेल. पण त्यायोगे न झालेल्या मंत्र्यांसाठी बैठका, दौरे आणि एखादे समितिप्रमुखपद राखून ठेवले गेले, ही सोयही लहान नव्हे. पक्षांनी आपापल्या संख्याबळाप्रमाणे नावे द्यावयाची आणि विधानसभेच्या अध्यक्षांनी व परिषदेच्या सभापतींनी ती नेमावयाची, असा हा क्रम आहे. आणि नावे द्यावयाची म्हटल्यावर ज्याचे नाव गळले तो कोठे जाईल, या विवंचनेत समित्यांच्या याद्या पुष्कळदा अधिवेशनामागून अधिवेशने अडून राहतात, अशा बातम्याही आपण वाचतो.

"म्हंजे लग्नातला मानपानच की!" उपसरपंच उद्गारले. "टोपी, टॉवेल, फेटा. ज्येला फेटा न्हाई, त्येला टॉवेल. आन् यादी करनारा मरतोय."

"नेमणारे तरी आपल्याच भागातले किती होऊन गेले!" गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी बोटे मोजली : विधानसभेचे अध्यक्ष पाटणचे बाळासाहेब देसाई, परिषदेचे सभापती विसापूरचे वि. स. पागे, कोकरूडचे शिवाजीराव देशमुख, फलटणचे रामराजे नाईक निंबाळकर. या सर्वांच्या टेबलावर कधी ना कधी अशा याद्या आल्या असतील, आणि त्यांनी त्या वाचताना चष्मा पुसला असेल, या विचाराने आम्हांस आमच्या यादीचा थोडा अभिमान वाटला.

पागे यांचे नाव निघाले, तेव्हा मी राहवेना म्हणून बोलून गेलो. तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात त्यांनी हाताला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला; 1960 पासून 1978 पर्यंत ते परिषदेचे सभापती होते; समित्या, टिपणे, मसुदे, पुन्हा समित्या, अशा वाटेने तो विचार चालत राहिला, रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला; आणि पुढे 2005 साली साऱ्या देशाने तसा कायदा केला. विधिमंडळात आजही रोजगार हमी योजनेची स्वतंत्र समिती आहे. तात्पर्य, चहाचे पेले आणि तहकुबी यांमधून कधी कधी खरोखर काही निघते.

सर्वांनी आदराने माना डोलावल्या. मग तरुण मंडळाच्या अध्यक्षाने विचारले, "त्यांचा फ्लेक्स केवढा होता?"

"त्या काळी फ्लेक्स नव्हते."

"म्हणूनच काम झालं असेल," गुरुजी म्हणाले. हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये, असे सर्वानुमते ठरले.

फ्लेक्स हा विषय निघाल्यावर मात्र जी समिती गणपूर्तीस महाग होती, तिची हजेरी शंभर टक्के झाली. मध्यभागी आमदारांचे भव्य छायाचित्र, वर 'मलकापूरचे भूषण', खाली अभिनंदनाचा कायम मसुदा, आणि त्याखाली 'समस्त मलकापूरकरांच्या वतीने' या शब्दांमागोमाग समितीच्या 41 सदस्यांची छायाचित्रे. कोणी काळा चष्मा लावलेले दिले, कोणी कानाशी मोबाईल धरलेले, कोणी पुतण्याच्या लग्नातील फेट्याचे. माझ्याजवळ सेवापुस्तकासाठी काढलेले एकच होते. त्यात मी भेदरलेला दिसतो, परंतु केस आहेत. फ्लेक्स छापून महामार्गाच्या कडेला लागला त्या रात्री जेवणे आटोपल्यावर समितीतील बहुतेक सदस्य सहज फिरावयास म्हणून त्याच दिशेने निघालेले मला दिसले. मी तेथे आधीच उभा होतो. माझे छायाचित्र शेवटच्या रांगेत, वाहनतळ उपसमितीच्या दोघांमध्ये, आणि खांबाच्या आड होते. दोन पावले डावीकडे सरकून मान तिरकी केली असता ते दिसे, आणि तसे ते मी दोघा-तिघा अनोळखी माणसांस दाखविलेही.

सत्काराची तिथी मुक्रर होणार एवढ्यात येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी वडे खाण्यास आला. तांब्याखाली जपून ठेवलेला तो कागद त्याने उचलला, आणि मोबाईलवर काहीतरी पाहून तो म्हणाला, "काका, हे तं आमच्या मलकापूरचं हाय ना! बुलडाण्याचं."

बुलडाणा जिल्ह्यात मलकापूर आहे, भुसावळच्या पुढे रेल्वेचे ठाणे आहे, आणि विशेष म्हणजे त्या नावाचा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ आहे, ही माहिती समितीने अत्यंत थंडपणे ऐकून घेतली. शाहूवाडी तालुक्यात आणखी एक मलकापूर असल्याचे कोणीतरी सांगितले, परंतु त्यामुळे कोणाचे समाधान झाले नाही. बराच वेळ कोणी बोलेना. मग खजिनदारांपैकी एकाने, ज्याच्या खिशातून फ्लेक्सचे पैसे गेले होते, व्यवहाराची गोष्ट काढली. मजकूर तर बरोबरच आहे. मलकापूर बरोबर, समिती बरोबर, अभिनंदन बरोबर. कोल्हापूरहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस कराडवरून निघते आणि त्या मलकापुरास जाते. मधले छायाचित्र तेवढे बदलावे आणि फ्लेक्स निम्म्या किमतीत त्यांस द्यावा.

त्या विद्यार्थ्याने आपल्या गावी फोन लावला. पलीकडून होकार आला. फक्त एक अट होती.

"ते म्हंतात," विद्यार्थी म्हणाला, "आमदाराचा फोटो आम्ही लावून घेऊ, पण खालचे हे एक्केचाळीस लोकं कोन व्हय? ते कापून पाठवा."

समितीच्या हयातीत एवढे एकमत मी पाहिले नव्हते. आमदार बदलले तर चालतील, मलकापूर बदलले तर चालेल, जिल्हा, विभाग आणि भाषेचा हेल बदलला तरी चालेल. परंतु स्वतःचे छायाचित्र कापून घेण्यास 41 पैकी एकाचीही तयारी नव्हती. मी चिटणीस या नात्याने तटस्थ राहिलो, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात, खांब मध्ये येतो म्हणून फ्लेक्स दोन हात डावीकडे सरकवावा, अशी उपसूचना मी त्याच सभेत दिली.

परंतु ज्यांची नियुक्ती झालेलीच नाही त्यांचे अभिनंदन भर महामार्गावर ठेवणेही बरे नव्हे. तेव्हा उपसरपंचांनी शिडी मागविली आणि मधले छायाचित्र तेवढे सुबकपणे कापून काढले. फ्लेक्सवाला म्हणाला, झाले ते उत्तम झाले, मधून वारा जायला वाट हवीच होती. तो फ्लेक्स आजही तेथे आहे. वर 'मलकापूरचे भूषण', खाली हार्दिक अभिनंदन, त्याखाली आम्ही 41 जण, आणि मध्ये आरपार मोकळे आकाश. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणीही, अभिनंदन कोणाचे, असे अद्याप विचारलेले नाही. 'मधील जागा पुढील नियुक्तीसाठी राखून ठेवण्यात येत आहे,' असा ठराव मी इतिवृत्तात वळणदार अक्षरांत नोंदविला असून त्याखाली सर्व 41 सदस्यांच्या सह्या आहेत. सभेस हजर आम्ही तिघेच होतो.